युरोपातला जय भीम आणि वाणगावचा पाडा



परवा पहाटे आम्ही इथून निघतो आहोत. मिशकोल्त्सहून रेल्वेने बुडापेस्ट, तिथून दोहामार्गे मुंबई, मग अंधेरीला डहाणू लोकल. विरार, सफाळे, पालघर, बोईसर आणि वाणगाव. शेंगेन व्हिसा नव्वद दिवसांचा असतो, त्यातले सत्याऐंशी संपलेत. बॅगा भरून दोनदा तोलून झाल्या. पण मन काही भरत नाही, कारण चार दिवसांपूर्वी वस्तीच्या ग्रुपवर एक बॅनर आला. त्यावर बाबासाहेब, तथागत, मध्ये आम्हा दोघांचे पासपोर्टवाले फोटो आणि खाली मजकूर : 'बाबासाहेबांचा विचार युरोपात नेणाऱ्या वाणगावच्या सुपुत्रांचा भव्य नागरी सत्कार'. तारीखही ठरली आहे, आम्ही पोचल्यानंतरचा पहिलाच रविवार. त्या बॅनरला आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. का दिलेलं नाही, ते इथे लिहायचं आहे.

आम्ही म्हणजे दोघे. एक तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कंत्राटावर काम करतो, दुसरा बोईसरला इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. दोघेही वाणगावच्या बौद्धवस्तीतले, बालवाडीपासूनचे मित्र. गेले तीन महिने आम्ही हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात शायोकाझा नावाच्या खेड्यात होतो. (लिहिताना ते लोक साजोकाझा लिहितात, पण त्यांचा 'एस' म्हणजे 'श' आणि 'जे' म्हणजे 'य'. आम्हाला हे कळायला आठवडा गेला.) काम एवढंच : रोमा मुलामुलींना एरेत्शेगी म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षेसाठी इंग्रजीचा सराव करून देणं.

तर आधी बॅनरवरच्या 'नेणाऱ्या' या शब्दाचं बघू. आम्ही इथे काहीही नेलेलं नाही. देरदाक तिबोर हे समाजशास्त्रज्ञ, एकेकाळचे खासदार, आणि ओर्शोश यानोश हे रोमा समाजातले शिक्षक. या दोघांना बाबासाहेबांचा शोध पुस्तकातून लागला. ते स्वतःहून महाराष्ट्रात आले, आपल्या वस्त्या, वसतिगृहं, विहारं बघून गेले आणि २००७ मध्ये त्यांनी जय भीम समुदाय स्थापन केला, शायोकाझात बाबासाहेबांच्या नावाची शाळा काढली. २०१६ मध्ये तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसला. तेव्हा आमच्यातला एक एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत नापास होत होता आणि दुसरा रात्रपाळी करत होता. त्यांनी बाबासाहेब निर्यात होण्याची वाट पाहिली नाही. गरज होती, शोधत गेले, सापडले. आपल्याकडे मात्र कुठल्याही देशात पुतळा बसला की आपण इथे बसून फटाके वाजवतो, जणू आपणच दगड घडवला.

आता गावाविषयी. शायो नदीच्या खोऱ्यातलं हे गाव एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगायचं. जवळच काझिंत्सबार्त्सिका नावाचं शहर आहे, केमिकल कारखान्यांचं. रात्री त्या दिशेला आकाश तांबूस दिसतं तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण बोईसरच्या पुलावर उभे आहोत. १९९० नंतर समाजवादी राजवट गेली, खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडले किंवा आकसले. सगळ्यात आधी कामावरून निघाले ते रोमा, आणि परत घेतले गेले नाहीत तेही रोमाच. आज पुष्कळांना मिळतं ते सरकारी सार्वजनिक काम. नारिंगी जाकीट घालून रस्ते झाडायचे, गवत कापायचं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत. कोणाला घ्यायचं ते महापौराच्या हातात. रोजगार हमीच्या मस्टरवर नाव येण्यासाठी कोणाच्या ओट्यावर बसावं लागतं हे ज्याला माहीत आहे, त्याला पुढचं समजवून सांगायला नको.

रोमांची घरं गावाच्या कडेला. आपल्याकडच्यासारखीच. तिथल्या बऱ्याच घरांत नळ नाही, रस्त्यावर हातपंप असतो आणि तो निळ्या रंगाचा असतो. पहिल्या दिवशी आम्ही त्या निळ्या पंपाचा फोटो काढून घरी पाठवला, 'बघा, इथेही निळा'. मग शिक्षकांच्या खोलीत ओझ्दची गोष्ट ऐकली आणि तो फोटो पाठवल्याची लाज वाटली. ओझ्द हे इथून जवळचंच पोलाद-शहर. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाच्या लाटेत, तिथल्या नगरपालिकेने असे कितीतरी सार्वजनिक पंप बंद केले किंवा त्यांचं पाणी कमी केलं. कारण दिलं पाण्याच्या अपव्ययाचं. हाल झाले ते मुख्यतः रोमा वस्त्यांचे. देशभर ओरड झाल्यावर पाणी पुन्हा सुरू झालं. २० मार्च १९२७ ला महाडला जे घडलं ते आम्ही त्या संध्याकाळी वर्गात मोडक्या इंग्रजीत सांगितलं. भाषांतर करणारी मुलगी मध्येच थांबली आणि विचारलं, तळं नगरपालिकेचं होतं का? हो म्हटलं. नगरपालिकेने आधी ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव होता का? होता. वर्गात हसू पसरलं. ठराव असतो आणि पाणी नसतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

शाळेचं कारण समजायचं असेल तर एवढं लक्षात घ्या. हंगेरीत रोमा मुलांना वेगळ्या वर्गात, वेगळ्या इमारतीत बसवण्याची जुनी खोड आहे. धडधाकट मुलांना मतिमंद ठरवून विशेष शाळेत टाकलं म्हणून दोन रोमा तरुणांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दावा केला आणि २०१३ मध्ये ते जिंकले. त्याच सुमाराला सरकारने सक्तीच्या शिक्षणाचं वय १८ वरून १६ वर आणलं. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलगा शाळेतून गेला तर कोणी विचारायला येणार नाही. अशा गळालेल्यांना परत बाकावर बसवणं हे या शाळेचं काम. वर्गात सतरा वर्षांचा पोरगा आणि चौतीस वर्षांची दोन लेकरांची आई शेजारी बसतात. २०११ च्या नव्या कायद्याने अनेक छोट्या धर्मसमुदायांची मान्यता गेली, त्यात जय भीम समुदायही होता. मान्यतेबरोबर पैसा जातो. २०१४ मध्ये तो कायदा मानवी हक्कांच्या विरोधात असल्याचं युरोपीय न्यायालयाने सांगितलं. निकाल निकालाच्या जागी राहिला आणि शाळा ओढाताणीने चालत राहिली.

ओढाताण पैशांची असते, पण भीतीचीही असते. २००८ आणि २००९ मध्ये हंगेरीत रोमांच्या घरांवर ठरवून हल्ले झाले, सहा माणसं मारली गेली. तातारसेंतग्यॉर्ज गावात घराला आग लावली आणि बाहेर पळणाऱ्या बापाला आणि त्याच्या लहानग्या मुलाला गोळ्या घातल्या. खैरलांजीचं नाव आम्ही काढलं नाही. ते भाषांतर करायची आमच्यात ताकद नव्हती.

आमच्या स्वतःच्या अनुभवाचं थोडं. वेटिंग फॉर अ व्हिसामध्ये बाबासाहेबांनी लिहिलं आहे की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. आमची काही पुसली गेली नाही. शहरातल्या एका सुपरमार्केटमध्ये आम्ही शिरलो की रखवालदार आमच्यामागे फिरायचा, भाज्यांपासून साबणापर्यंत. बसमध्ये आमच्या शेजारची जागा शेवटी भरायची. एकदा एका म्हातारीने आम्हाला बघून पर्स मांडीवर घेतली आणि पुटपुटली, 'त्सिगान्य'. आम्ही तोंड उघडून इंग्रजी बोललो की मात्र तिथल्या तिथे चेहरे बदलायचे. अच्छा, पाहुणे आहेत, भारतातले, योगवाले! आमच्यातल्या एकाला सुरुवातीला या सुटकेचा आनंद व्हायचा, हे कबूल केलं पाहिजे. मग एका विद्यार्थ्याबरोबर त्याच दुकानात गेलो. आम्ही इंग्रजी बोललो, तोही आमच्याकडून शिकलेलं इंग्रजी बोलला. आम्हाला सोडलं, त्याची पिशवी तपासली.

इथे एक वाद स्पष्टच मांडतो, कारण घरी गेल्यावर सत्काराच्या भाषणात हाच मुद्दा सगळ्यांना हवा असणार. 'रोमा म्हणजे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले आपले रक्ताचे बांधव.' रोमानी भाषा भारतीय कुळातली आहे यात शंका नाही. तिच्यात पाण्याला पानीच म्हणतात, कानाला कान. १९७१ च्या जागतिक रोमा परिषदेने त्यांच्या झेंड्यावर चाक घेतलं. हे सगळं खरं. पण शायोकाझात आम्ही मोठ्या उत्साहाने पहिल्याच दिवशी पेला दाखवून 'पानी, पानी' म्हणालो, तर पोरं आमच्या तोंडाकडे बघत राहिली. या भागातले बहुतेक रोमा कित्येक पिढ्यांपासून हंगेरियन बोलतात. पाण्याला ते 'वीझ' म्हणतात. ती भाषा त्यांच्याकडून सुटली, जसं आपल्याकडून बरंच काही सुटलं.

आणि रक्ताच्या नात्याचं राजकारण कोण करतं तेही बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत रोमांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हणून जवळ केलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, १७ जानेवारीला, हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला होता. हजार वर्षांपूर्वी गेलेली लेकरं आठवली आणि महिन्याभरापूर्वी गेलेला नाही! ज्यांना घरातला माणूस नकोसा असतो त्यांना दूरचा नातेवाईक फार आवडतो, कारण तो मुक्कामाला येत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेला वंशाचा आधार नाही असं पुराव्यानिशी मांडलं. तेच बाबासाहेब घेऊन आपण रोमांकडे जायचं आणि रक्ताचा दाखला मागायचा, हे कसं चालेल? तिबोर आणि यानोश यांना आपल्याकडे ओढून आणलं ते रक्ताने नाही. ज्याला गावाबाहेर बसवलंय तो शिकून, संघटित होऊन, गरज पडली तर देवच बदलून उभा राहू शकतो, हे त्यांना इथे दिसलं म्हणून ते आले.

इथपर्यंत आमचं भाषण तयार होतं. टाळ्याही पडल्या असत्या.

मे महिन्यात लेखी परीक्षा झाली आणि तोंडी परीक्षेची तयारी सुरू झाली. तोंडीत एखादं चित्र देऊन त्यावर बोलायला लावतात. चौतीस वर्षांची ती विद्यार्थिनी, आम्ही तिचं नाव लिहीत नाही, सरावासाठी आमच्याकडे यायची. चित्रं संपली म्हणून आम्ही आमच्या मोबाइलमधले घरचे फोटो दाखवायला लागलो. हे आमचं घर. ही आई. ही मिरचीची वाडी. (आमच्यातल्या एकाचे वडील रेल्वेत गँगमन होते, निवृत्तीनंतर त्यांनी दीड एकर खंडाने घेतलं, त्यात मिरची लावतात. वाणगावची मिरची कुठे कुठे जाते ते इथल्या वाचकांना सांगायला नको.) एका फोटोत आई हसत उभी आहे, मागे तीन बायका वाकून मिरची तोडतायत आणि ओट्यावर चहाचे कप आहेत.

तिने इंग्रजीत विचारलं, या बायका कोण?

कामाला येतात, आम्ही म्हणालो.

तुमच्या लोकांतल्या?

नाही. वारली. आदिवासी. जवळच पाडा आहे.

ती फोटो मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, आईच्या हातातला कप चिनी मातीचा आहे आणि ओट्यावरचे तीन प्लास्टिकचे. का?

परीक्षेसाठी आम्हीच तिला शिकवलं होतं : चित्रातले बारकावे बघा, फरक सांगा, का ते विचारा. आम्ही काहीतरी बोललो. त्या बाहेरच बसतात, त्यांना घाई असते, कप फुटतात. ती ऐकत होती. आम्ही थांबल्यावर तिने मान हलवली आणि अगदी साध्या आवाजात, वाक्य नीट जुळवून म्हणाली, म्हणजे तुमच्या गावात त्या त्सिगान्य आहेत.

तिला टोमणा मारायचा नव्हता. ती इंग्रजीचा सराव करत होती.

त्या रात्री आम्ही दोघे भांडलो. एकाचं म्हणणं, तुझ्या घरचा फोटो, तुझ्या आईचे कप. दुसऱ्याने विचारलं, तुझ्या घरी नळ दुरुस्त करायला पाड्यावरचा पोरगा आला होता, त्याला पाणी कशात दिलं? आठवत नाही म्हणाला. आठवत होतं. प्लास्टिकच्या बाटलीत दिलं होतं आणि 'घेऊन जा' सांगितलं होतं. फोटो एकाच्या घरचा असला तरी कप दोघांच्याही घरी आहेत. आणि खोटं कशाला बोला, वस्तीतल्या बहुतेक घरी आहेत. दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. ती चिडली. म्हणाली, 'अरे, तंबाखू खाऊन येतात, तोंडाला ताडीचा वास येतो, तुम्ही तिकडे बसून मला शिकवू नका.' आम्ही लहान असताना आजी गावातल्या एका घरी दळण आणायला जायची. तिला तिथे ओंजळीत वरून पाणी ओतायचे. तेव्हाही कारण स्वच्छतेचंच होतं. मिशकोल्त्सच्या बसमधल्या म्हातारीचंही तेच असणार.

बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं. आपण हे शब्द प्रत्येक जयंतीला म्हणतो आणि बोट नेहमी वर दाखवतो. वर दाखवणं बरोबरच आहे, व्यवस्था वरूनच आली. पण शिडीच्या पायरीचा गुणच असा की वरच्याची लाथ खाणाऱ्याला खाली पाय ठेवायला कोणीतरी सापडतं. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी हिंदूंना विचारलं होतं, आदिवासींना तुम्ही इतकी शतकं तसंच का ठेवलंत? त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. त्यांच्यात जायचं म्हणजे त्यांना आपलं मानायचं, त्यांच्यात राहायचं, प्रेम करायचं, आणि हिंदूचा तर सगळा जन्म जात सांभाळण्यात जातो. तो प्रश्न हिंदूंना होता. आम्ही २२ प्रतिज्ञा घेतलेले. आमच्याकडे सांभाळायला जात नाही. मग आम्ही पाड्यावर का जात नाही? आम्ही काय सांभाळतोय?

आमच्या घरापासून पाडा पावणेदोन किलोमीटर आहे. तिथली मुलं दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्यात परत येतात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. याच पट्ट्यात १९४५ मध्ये गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले, वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत मोडली, तलवाड्याला गोळ्या खाल्ल्या. तो इतिहास लाल झेंड्याचा म्हणून आपण आपल्या पुस्तकपेटीत ठेवला नाही. आम्ही दोघांनी शायोकाझाला येण्यासाठी दीड वर्ष पैसे जमवले, व्हिसाच्या रांगेत उभे राहिलो, विमा काढला. पावणेदोन किलोमीटरसाठी यातलं काहीच लागत नव्हतं. फक्त तिथे गेल्यावर कोणी बॅनर लावला नसता.

आता सत्काराची खरी अडचण. वस्तीने आमच्यासाठी ४१ हजार रुपये वर्गणी काढली होती. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे. एका आजीने पेन्शनमधले दोनशे आणून दिले. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण त्यातले २० हजार एकट्या एका काकांनी दिले. काका आपल्यातलेच, विहाराच्या बांधकामालाही त्यांनी हात दिला. ते लेबर कॉन्ट्रॅक्टर आहेत. पाड्यांवरची माणसं एमआयडीसीत टाक्या धुवायला, गोणी चढवायला पुरवतात. आमच्यातला जो लॅबमध्ये आहे, त्याने हजेरीचं रजिस्टर पाहिलं आहे. सही एका रकमेवर होते आणि हातात पडते दुसरी, बरीच कमी. तीन वर्षं पाहिलं आणि गप्प बसला. आपला माणूस, समाजाच्या कामाला पुढे असतो, कशाला बोलायचं, एवढाच विचार. रविवारच्या सत्काराला तेच प्रमुख पाहुणे आहेत. त्यांच्या हस्ते शाल.

म्हणजे इथल्या महापौराच्या नारिंगी जाकिटांवर आम्ही वर्गात तासभर बोललो, तेही आवेशाने, आणि आमच्या तिकिटाचे पैसे कुठून आले ते आम्हाला माहीत होतं.

काहीजण म्हणतील, घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? मनुवादी टपलेलेच आहेत, 'बघा, हेही तसेच' म्हणायला. हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. आपल्या समाजातला एक कॉन्ट्रॅक्टर आणि ज्यांच्याकडे कंपन्या, जमिनी, बँका आहेत ते, यांना एका तराजूत घालणं ही लबाडीच आहे. काका ज्यांना माणसं पुरवतात त्या साखळीत ते सगळ्यात खालचे, मोठा मलिदा वरच जातो. तरीही ज्याचे पैसे कापले जातात त्या पाड्यावरच्या माणसाला कोणी ही साखळी समजावून सांगत बसत नाही. त्याला पैसे कापणारा हात दिसतो, आणि त्या हाताला निळा धागा आहे.

बाबासाहेब १९१७ मध्ये लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती. ती बोट पाणबुडीने बुडवली. ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले आणि नुकसानभरपाईच्या पैशांतून बडोद्याला निघाले. बडोद्यात काय झालं, पारशी खाणावळ, काठ्या घेऊन आलेले लोक, कामाठी बाग, ते तुम्हाला पाठ आहे. आम्ही इथे नकाशा उघडून बसलो होतो तेव्हा एक साधी गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. मुंबईहून बडोद्याची गाडी तेव्हाही याच मार्गाने जायची. म्हणजे परदेशातून परतलेले, नोकरीवर निघालेले बाबासाहेब आमच्या वाणगाववरूनच गेले. खिडकीतून त्यांना ताडाची झाडं आणि वारल्यांच्या झोपड्या दिसल्या असतील. आमच्याही गाडीतून परवा दिसतील, आता मध्ये मध्ये शेडनेट आहेत एवढंच.

बॅगांचं सांगायचं राहिलं. येताना आईने दिलेली लाल मिरची अर्धी उरली होती, ती शाळेच्या स्वयंपाकघरात ठेवली. जाताना मुलांनी आम्हाला काय द्यावं? पाप्रिका! हंगेरीची लाल मिरचीपूड, दोन किलो, कापडी पिशव्यांत. मिरचीच्या गावाला मिरची घेऊन चाललोय. विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. पाचात तीन मिळाले, दोनला पास असतं. तिने तिची सरावाची वही आम्हाला दिली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात 'माय व्हिलेज' हा निबंध आहे, त्यात निळा पंप आहे, विजेच्या खांबावरचं करकोच्यांचं घरटं आहे. शेवटच्या पानावर तिने आमच्या फोटोवरची वाक्यं लिहिली आहेत, आम्ही लाल पेनने तपासलेली. व्याकरणाची एक चूक होती. बाकी बरोबर होतं.

आज दुपारी आम्ही दोघांनी बसून ग्रुपसाठी मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी असा पाठवला : सप्रेम जय भीम. आमचा सत्कार करू नये. आम्ही रविवारी विहारात खाली बसून तीन महिन्यांत काय पाहिलं ते सांगू, ज्यांना वेळ असेल त्यांनी यावं. मंडप, बॅनर आणि शालींचा खर्च वाचेल त्यातून पाड्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू करावा, शिकवायला आम्ही दोघे आहोत, दिवाळीनंतर मुलं भट्टीवर गेली तर भट्टीवर जाऊ. काकांनी दिलेले २० हजार रुपये आम्ही दर महिन्याला दोन हजारांप्रमाणे परत करणार आहोत, त्याचं कारण त्यांना घरी जाऊन समोर सांगू. हजेरीच्या रजिस्टरविषयी ग्रुपवर लिहिलं नाही. ते आधी पाड्यावरच्या माणसांना विचारून मग करायचं ठरलं आहे, कारण काम त्यांचं जाईल, आमचं नाही. खरं तर आमच्यातल्या एकाचंही जाऊ शकतं.

आईला वेगळा फोन केला. ती कपांविषयी काही बोलली नाही. तोडणीला तिघी आल्या होत्या, पाऊस कधीही लागेल, एवढं म्हणाली.

मेसेज पाठवून पाच तास झाले. अठरा जणांनी वाचल्याचं दिसतंय. काका ग्रुपमधून बाहेर पडलेत. उत्तर एकच आलंय, अध्यक्षदादांचं : 'गाडी कितीची आहे? सामान जास्त असेल तर स्टेशनवर कोणाला पाठवायचं ते कळवा.'